भरावावरचं लिंपण

भागाबाईंचा हात ओट्याच्या भेगेवरून फिरला आणि भेग गेली.

झालं ते एवढंच. श्रावणातला रविवार होता, धुळ्याच्या त्या गल्लीत घरोघरी कानबाई देवी बसायची होती आणि घरमालकीण भागाबाई सकाळीच शेणमातीचं पातेलं घेऊन ओटा सारवायला बसल्या होत्या. सुनंदा चहाचा पेला हातात धरून उंबऱ्यावर बसली होती. ओट्याच्या कडेची ती भेग तिच्या ओळखीची होती. रात्री परत येताना चप्पल तिच्यात अडकायची. भागाबाईंनी आधी तिच्यात मूठभर काला दाबला, मग वरून तळवा फिरवला. मनगट जागच्या जागी, पंजा अर्ध्या वर्तुळात. एक कमान, तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. प्रत्येक कमानीत चार बोटांच्या चार रेघा. वाळल्यावर या रेघा फिक्या होतील, हे सुनंदाच्या मनात आलं. वाळल्यावर त्या कशा दिसतात हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तीनच दिवसांपूर्वी आपण त्या पाहिल्या, हेही मनात आलं. ओट्यावर नव्हे, भरावावर पाहिल्या होत्या. गुरुवारी दुपारी, खाणीच्या भरावाच्या माथ्यावर आपण गुडघे टेकून बसलो होतो आणि त्या कमानींवर पट्टी ठेवून दोन कमानींमधलं अंतर मोजलं होतं. मोजून समाधानाने मान हलवली होती. तिने पेला खाली ठेवला, ओल्या ओट्यावर स्वतःचा पंजा पसरला, आणि चारही बोटं चार रेघांत नेमकी बसली.

"अहो, हात काय लावता, ओलं आहे अजून," भागाबाई म्हणाल्या. आणि तिचा चेहरा पाहून, "काय झालं हो? चक्कर आली का?"

"ही भेग," सुनंदा म्हणाली. "ही भेग किती खोल होती?"

"मला काय माहीत. सणाच्या दिवशी भेग दाखवत बसायची का पाहुण्यांना?"

धुळ्याहून चाळीसगावकडे जाणारी गाडी सुटायला अजून अवकाश होता, तरी ती पायांत चपला अडकवून निघाली. डोक्यावर पदर घ्यायचं राहिलं, खोलीला कुलूप लावलं की नाही तेही आठवेना. रस्त्यावर बाया फुलं विकायला बसल्या होत्या, कुणाच्या तरी घरातून भाजलेल्या गव्हाचा वास येत होता आणि तिला हे सगळं काचेपलीकडून आल्यासारखं वाटत होतं. कान आतून बंद झाले होते. लहानपणी भडगावला गिरणेत बुडी मारल्यावर व्हायचे तसे. डब्यात खिडकीपाशी बसल्यावर तिने एकेक गोष्ट पुन्हा ओळीने मांडून पाहायचं ठरवलं, कारण ओळीने मांडलं की भीती कमी होते असा तिचा अनुभव होता. रुळांच्या खडीसाठी टेकडी फोडली. काळा दगड गाडीने गेला आणि त्याच्यावरची माती, पिवळा मुरूम, फुटका कपचा असं जे कामाचं नव्हतं ते टेकडीच्या उतारावर ओतलं गेलं. वर्षानुवर्षं ओतलेल्या त्या ढिगाला भराव म्हणायचे. भरावाच्या पायथ्याशी खाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती. लढाईच्या काळात खाण बंद पडली, ठेकेदार निघून गेला, भराव तिथंच राहिला. एका पावसाळ्यात त्यातला चिखल वस्तीच्या विहिरीत उतरला, तेव्हा सरकारने सगळ्यांना स्टेशनजवळच्या शेडमध्ये आणून ठेवलं आणि उघड्या पडलेल्या त्या जमिनीवर पुन्हा काही उगवतं का, माती थांबते का, हे पाहायचं काम जळगावच्या कचेरीने तिच्याकडे दिलं. पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकून आलेली ती कचेरीतली एकटीच बाई होती, आणि उन्हातान्हात त्या ढिगावर चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिने आडवे बांध घालून घेतले. बांधांवर घायपात, मधल्या पट्ट्यांत पवना गवत, मध्येमध्ये तरवड आणि बाभूळ. तीन पावसाळे ती येत होती. गवताने किती जमीन झाकली ते चौकट ठेवून मोजत होती, माती किती वाहिली ते ठोकलेल्या खुंट्यांवरून वाचत होती. आणि गुरुवारी, आषाढाच्या झडीनंतर उघडीप पडल्यावर, ती शेवटच्या पाहणीला गेली तेव्हा भराव हिरवागार होता. माथ्यावर, गवत विरळ होतं तिथं, जमिनीवर एक फिकट, घट्ट, गुळगुळीत कवच धरलं होतं, कडेला अजून थोडं ओलसर. उघड्या जमिनीवर शेवाळाचं आणि गाळाचं असं कवच धरतं, ते माती धरून ठेवतं, पाणी आत जाऊ देत नाही, असं तिने पुस्तकात वाचलं होतं आणि तीन वर्षं त्याची वाट पाहिली होती. कमानी म्हणजे पाण्याने उठवलेल्या बारीक लाटा, असं तिने मानलं. शेणाचा वास आला होता. आला होता, हे तिला आता आठवत होतं. तिने मान वळवून पाहिलं होतं आणि लांबवर गुरं चरत होती.

ओळीने मांडूनही भीती कमी झाली नाही. कारण त्या ओळीच्या शेवटी ती स्वतः उभी होती, भरावाच्या माथ्यावर, भोवती वस्तीच्या बाया, आणि ती हसून म्हणत होती, "यंदा तुमच्या कानबाईला तुमच्याच घरात बसवा." शेडमध्ये कानबाई बसवायची म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत देवी बसवण्यासारखं, असं बाया तीन वर्षं म्हणत होत्या. तिच्या शब्दावर त्या हसल्या होत्या, एकीने तिच्या गालांवरून हात ओवाळून बोटं मोडली होती.

गाडी थांबत थांबत चालली होती. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर टोपलं घेऊन बसली होती, टोपल्यात लाल कापडात गुंडाळलेला नारळ. सुनंदाला आपली आई दिसली. आई, सुगंधाबाई, भडगावच्या घराच्या भिंतीशी उकिडवी बसलेली. गिरणेचा पूर येऊन गेला की त्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक काळपट रेघ राहायची आणि सुनंदाला पाहायला पाहुणे येणार त्या दिवशी आईने ती सगळी भिंत लिंपली होती. भिंत झाल्यावर तिने हात धुतले आणि सुनंदाला पुढ्यात घेतलं. मानेवर, उजव्या कानाखाली, उकळतं पाणी सांडल्याचा जुना डाग होता. आईने त्यावर आधी पावडर लावली, मग केसांचा अंबाडा सैल करून त्या बाजूला ओढला, मग पदर. तिची बोटं अजून मातीने थंड होती. पाहुण्यांतल्या एका काकांनी "चालून दाखव" म्हटलं आणि ती भिंतीच्या कडेने दारापर्यंत आणि परत चालली. ते तिच्या पायांकडे बघत होते, मग भिंतीकडे, मग पुन्हा पायांकडे. पसंत, म्हणाले. साखरपुड्याच्या दिवशी उन्हाळा होता, घामाने पावडर गेली. सोयरीक मोडून ते उठले तेव्हा वडील, अभिमन पाटील, ओसरीवर नुसते बसून राहिले आणि आईने मात्र ठाम सांगितलं, "मी कुणाला फसवलं नाही. पाहुण्यांपुढं कुणी उकिरडा मांडतं का?" पुढे वडिलांनीच तिला पुण्याला शिकायला ठेवलं. आता हिला कोण करणार, निदान शिकू दे. तिथं सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावताना तिला वाटायचं, इथं कुणी पावडर लावून येत नाही. पान पान असतं, मूळ मूळ असतं. बघणारीने नीट बघायचं तेवढं बाकी असतं. आणि गुरुवारी ती भरावावर गेली ती पाहुणी होऊन. कधी येणार हे आधी कळवून. तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. इतक्या वर्षांत आलं नव्हतं, आणि आता आलं तेव्हा गाडी तिच्या स्टेशनच्या ओसाड फलाटावर थांबली होती.

स्टेशनजवळच्या शेड रिकाम्या होत्या. चुली विझलेल्या, दोरीवर एक विसरलेलं फडकं. म्हणजे सगळे गेले होते. तिच्या शब्दावर गेले होते. पश्चिमेला आभाळ शिसवी रंगाचं झालं होतं, वारा पडला होता. वस्तीकडे वळणारी वाट सोडून ती सरळ भरावावर चढली. गवत गुडघ्याएवढं आलं होतं. पवन्याला तुरे धरले होते आणि पायाखालची माती मुळांनी घट्ट विणलेली होती. ते सगळं खरं होतं. तिने लावलेलं, तिने मोजलेलं, खरं. पण मुळं जातात हातभर खोल. त्याच्या खाली काय चाललंय हे गवताला ठाऊक नसतं. माथ्यावर पोचली तेव्हा धाप लागली होती. तिने खोलीची किल्ली काढली आणि कमानींच्या मधोमध टोचली. पहिल्यांदा टवका उडाला. मग आतला मातीचा बोळा सुटला, खाली पडला, आणि पडल्याचा आवाज आला नाही. ती वाट पाहत राहिली. आवाज आलाच नाही. तिने बाही वर सारली आणि हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. दोन्ही बाजूंना ओला, थंड, उभा तुटलेला मुरूम लागत होता आणि खालून बोटांवर गार हवा येत होती. जमिनीच्या आतून हवा. तिचा गाल लिंपणाला टेकला होता आणि त्याला अजून शेणाचा वास होता, सणाच्या घरासारखा.

"उनी का वं बाई? मी म्हनंच, कानबाईले ती येवाविना ऱ्हावाव नही."

ताईबाई चढून येत होती. वस्तीतली वयाने मोठी बाई, हात हळदीने पिवळे, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. खालून तिने सुनंदाला पाहिलं होतं आणि सणाला आलेल्या पाहुणीला घ्यायला ती स्वतः वर आली होती. सुनंदाचा हात जमिनीत खांद्याजवळपर्यंत गेलेला पाहून ती थांबली.

"काय हरपनं?"

"ताईबाई, हे कुणी लिंपलं?"

"आम्हीच. बठ्ठ्या बायास्नी." सगळ्या बायांच्या वतीने बोलताना तिच्या आवाजात कौतुकाची वाट पाहणं होतं. "घरं लिपाले काला करेलच होता. म्हनूत, बाई येवाव शे, तठे भेग शे, तिना पाय मुरगळी जाई. मंग हाऊ बठ्ठा माथा लिपी टाका. चांगलं दिसस ना?"

सुनंदा हात बाहेर काढून उभी राहिली. रागवायला हवं होतं, पण रागाला धरायला कुठे काही नव्हतं. तिचा पाय मुरगळू नये म्हणून. तिने विचारलं, "भेग कुठून कुठपर्यंत आहे?"

ताईबाईने बोट फिरवलं. त्या बाभळीपासून या घायपातीपर्यंत. मग दोन्ही टोकांना खाली, उताराकडे. आषाढाच्या पाण्यात पडली, म्हणाली. पाणी सगळं तिच्यातच जात होतं, बरंच झालं, घरांकडे आलं नाही. तिचं बोट हवेत फिरत होतं आणि सुनंदा त्याच्यामागे पाहत होती. कमान. केवढी मोठी कमान, एका पंजाने फिरवल्यासारखी, आणि तिच्या पोटात त्या दोघी उभ्या, खाली वस्ती, दारादारांत तोरणं, ताईबाईच्या घरातून चुलीचा धूर. गवतासकट, बांधांसकट, तिच्या खुंट्यांसकट हा सगळा तुकडा टेकडीपासून सुटला होता. आषाढभर प्यायलेलं पाणी त्याच्या पोटात होतं.

"हात घाला इथं," ती म्हणाली.

ताईबाई हसली. मग तिचा चेहरा पाहून खाली बसली आणि बांगड्या वर सारून हळदीचा हात आत घातला. तिची बोटं आत चाचपडत राहिली. मग हळू म्हणाली, "आत वारा शे."

"हो."

"वारा कसाले शे आत?"

"आत जमीन नाही म्हणून."

ताईबाईच्या दारात पुरुष बसले होते. झुलाल आबा, वस्तीचा म्हातारा, ज्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, त्याने सुनंदाचं सगळं ऐकून घेतलं आणि पानाची पिंक बाजूला टाकली. "गुरुवारी सांगं, घर जा. आज सांगस, घर सोडा. बाई, तुना शास्तरले तोंडं कितला शेतस?" पोरंबाळं हसली. दारातून आत पाटावर बसलेली कानबाई दिसत होती, नथ घातलेला नारळ, डोळे काढलेले, पुढे समई. ते डोळे नुकतेच काढलेले होते, काजळ अजून ओलं होतं.

"आबा, गुरुवारी मी तुमचं लिंपण पाहिलं," सुनंदा म्हणाली. "डोंगर पाहिलाच नाही. चूक माझी आहे." बोलताना तिचा उजवा हात आपोआप मानेकडे गेला, पदर नीट करायला. तिथं पोचून तो थांबला. तिने पदर तसाच राहू दिला. "तुम्ही मला शिव्या द्या. उद्या कचेरीत तक्रार करा. पण आत्ता इथून उठा."

आबाने आभाळाकडे पाहिलं, मग भरावाकडे. हिरव्यागार उताराकडे बघत तो म्हणाला, "इतलं गवत शे. गवतवाला डोंगर कधी पडस का? तूच सांगेल शे, गवत माटी धरस."

ते तिचेच शब्द होते. तीन वर्षं तिने ते या लोकांना शिकवले होते. त्यांच्या बोलीत, अडखळत, अभिमानाने.

"वरची माती धरतं," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"आते कानबाई बठी गयी," आबा शेवटचं बोलल्यासारखं बोलला. "बठेल देवीले सकाळशिवाय उठाडतस नही. आमना बापदादास्मा कोनी उठाडी नही. तुले डर वाटी ऱ्हायना तं तू जाय टेसनवर."

कुणी हसलं नाही. सुनंदा अंगणात उभी राहिली.  वस्तीतली माणसं भिंतीकडे बघत होती, मग तिच्या पायांकडे, मग भिंतीकडे. जावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग ती अंगणातच, ओल्या सारवणावर, मांडी घालून बसली. ती काही दाखवायला बसली नव्हती. जाववेना म्हणून बसली.

ताईबाई तिच्याकडे पाहत दारात उभी होती. तिने आपला हळदीचा हात समोर धरला होता आणि त्याला लागलेला ओला मुरूम अंगठ्याने चोळत होती. मग ती आबाशी बोलली, पण त्याच्याकडे न बघता.

"आबा, कानबाई आपली कोन शे?"

"कोन म्हंजे? माय शे."

"आज तं पाहुनी शे ना? वरीसमा एक दिन येस. हाई बाईना पाय मुरगळू नही म्हनीसन आमी डोंगर लिपा. आनि देवीले पडी जाई त्या घरमा बठाडी ठेवसूत? पाहुनीले असं कोन ठेवस?" ती आत वळली. "मी मना डोकावर लिसन जास. ज्याले येनं व्हई त्यानी यावं. रोट चूलवरथून उतारा."

आणि तिने खरोखरच पाट उचलला. समईसकट उचलता येईना, तेव्हा एका सुनेने समई घेतली, दुसरीने कलश. देवी डोक्यावर घेऊन बाई उंबरा ओलांडते तेव्हा वाटेत कुणी बसून राहत नाही. आबा उठला. आधी वाट द्यायला उठला, मग उभाच राहिला, आणि मग काठी घेऊन मागोमाग निघाला. कुणी गाय सोडली, कुणी पीठ बांधून घेतलं. मिरवणुकीत गाणं म्हणायचं असतं म्हणून बाया गाणं म्हणत होत्या, पण आवाज वर लागत नव्हता. सुनंदा सगळ्यांच्या मागे राहून घराघरांत डोकावत गेली. एका घरात पाळण्यात कुणी नाही ना, हे तिने पाळण्यात हात घालूनच पाहिलं. डोळ्यांवर तिचा आता भरवसा नव्हता.

पाऊस संध्याकाळी आला. फार नव्हता. शेडच्या पत्र्यावर त्याचा साधा, एकसारखा आवाज होता आणि आत पुन्हा मांडलेल्या पाटापुढे समई लागली होती. आबा कोपऱ्यात बसून म्हणत होता, इतल्या पाण्याने चिमणीचं घरटं पडणार नाही. तो बोलत असतानाच रुळांवरून मालगाडी जावी तशी जमीन हलली. सगळ्यांनी सवयीने रुळांकडे पाहिलं. रूळ रिकामे होते.

उजाडल्यावर ती गेली. ताईबाई बरोबर होती. बाकीचे लांब, वाटेवरच थांबले. वस्तीच्या वरच्या अंगाची घरं दिसत नव्हती. सुनंदाला वाटलं होतं की सगळं उलथंपालथं, ओळखू न येण्यासारखं असेल. तसं नव्हतं. पवन्याचं गवत उभंच होतं, तुऱ्यांवर पावसाचे थेंब, घायपातींची रांगसुद्धा मोडली नव्हती. फक्त ते सगळं आता खाली होतं, घरांच्या जागी. तिने लावलेला एकेक बांध शाबूत उतरून आला होता. एका खुंटीवरचा तिचा पांढरा रंगही तसाच होता. कानात काही शिरत नव्हतं, पक्षी ओरडत असतील तर ऐकू येत नव्हते.

ताईबाईच्या घराची पुढची भिंत आणि उंबरा तेवढा उरला होता. दारात, जिथं काल पाट होता तिथपर्यंत, माथ्याचा एक मोठा पापुद्रा येऊन टेकला होता. पावसाने त्याच्या कडा विरघळल्या होत्या, पण मधलं लिंपण आडोशाला राहिलं होतं. कमानी दिसत होत्या, एकात एक. आणि कमानींवर, ओलं असताना उमटलेलं आणि मग वाळलेलं, एका चपलेचं पाऊल होतं. टाच वस्तीकडे, बोटं घराच्या आत. गुरुवारी ती जशी चालली होती तसं. हलकं, विश्वासाचं, कुठेही न घसरलेलं पाऊल.

ताईबाई खाली बसली. तिने पावलाला हात लावला नाही. शेजारच्या एका कमानीवर पंजा ठेवला, बोटं रेघांत बसवून पाहिली. बसली.

"हाऊ मना हात शे," ती म्हणाली.

सुनंदाने चप्पल काढली आणि तिच्याजवळ बसली.